वडापाव सोडून कार्डाचं कर्ज फिटत नाही

कर्ज मागायला येणारा सभासद समोरच्या खुर्चीत टेकला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, मी बाहेरचा चहासुद्धा बंद केलाय." परळमध्ये आमच्या नोकरदारांच्या पतपेढीची एक खोली आहे. तिथे मी अकरा वर्षं कर्ज समितीवर बसतोय, आणि हे वाक्य कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही. चहा बंद, वडापाव बंद, मुलाचा क्लास बंद. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र गेल्या दिवाळीला होती तेवढीच, नाहीतर थोडी वरच. माणूस उधळ्या नसतो. तो बादलीत पाणी ओततोय, पण बादलीचं भोक त्याने पाहिलेलं नसतं.

एका सभासदाचा हिशेब सांगतो. राहायला भांडुप, हातात पगार ४१,००० रुपये. एका कार्डावर ७८,००० बाकी, व्याज महिना ३.६ टक्के. दुसऱ्यावर ३४,०००, व्याज महिना ३.५ टक्के. शिवाय पगारखात्यावरचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता येणारी उचल, ६०,००० वापरलेला, वर्षाला १५ टक्क्यांनी. पहिल्या कार्डाचं महिन्याचं व्याज २,८०८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,३१३ होतात. दुसऱ्याचे तसेच १,४०४. ओव्हरड्राफ्टचे ७५०, कारण साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. एकूण ५,४६७ रुपये नुसतं व्याज. हा गृहस्थ दोन्ही कार्डांची किमान रक्कम, म्हणजे बाकीच्या साधारण ५ टक्के, आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज मिळून महिन्याला ६,३५० भरत होता, एकही तारीख न चुकवता. त्यातून मुद्दल फिटत होतं ८८३ रुपये. एकूण देणं १,७२,०००.

चहा सोडून त्याचे महिन्याला हजारभर रुपये वाचत होते. वाईट नाही. पण खरा खर्च त्या ५,४६७ चा होता आणि तो घरखर्चाच्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. म्हणून माझा क्रम असा: आधी व्याजाचा दर पाडा, मग तारखा सांभाळा, आणि काटकसर त्यानंतर.

आधी कागद

एक रविवार काढा. प्रत्येक कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट आणि ओव्हरड्राफ्ट खात्याचा उतारा मोबाइलवर न बघता छापून घ्या, झेरॉक्सवाल्याकडे पाच-दहा पानांचं काम आहे. एका वहीत प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: एकूण बाकी, महिन्याचा व्याजदर, स्टेटमेंटची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, आणि गेल्या महिन्यात व्याज-दंड-जीएसटी मिळून किती लागले. ही शेवटची रक्कम बँक एका ठिकाणी देत नाही, तीन-चार ओळींत विखुरलेली असते. पेन्सिलीने खुणा करून बेरीज करा. चालू असलेले ईएमआय वेगळे लिहा, कारण ते किमान रकमेत मिसळलेले असतात आणि गोंधळ तिथेच होतो. ओव्हरड्राफ्टची मर्यादा किती, वापर किती आणि नूतनीकरण कधी, हेही लिहा. नूतनीकरणाचं शुल्क वर्षातून एकदा गुपचूप कापलं जातं.

स्टेटमेंटमध्ये बारीक अक्षरांत एक इशारा असतो: दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. रिझर्व्ह बँकेने तो छापणं बंधनकारक केलंय. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणीही तो वाचलेला नसतो. मीही माझ्या पहिल्या कार्डाच्या वेळी वाचला नव्हता.

हे सगळं घरात लपवून करू नका. भांडुपच्या त्या सभासदाच्या बायकोला दुसऱ्या कार्डाचा पत्ताच नव्हता. कळल्यावर दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की तिची ३०,००० ची भिशी दोन महिन्यांनी लागणार आहे. पुढे ते पैसे कुठे लागले ते सांगतोच.

कार्ड थांबवा, पण बंद करू नका

बाकी असताना कार्ड बंद होत नाही. थांबवता मात्र आज, आत्ता येतं. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, दुकानातले, टॅप करून होणारे आणि परदेशातले असे सगळे व्यवहार बंद करण्याची बटणं असतात. सगळी बंद करा. किराणा, जेवण, टॅक्सीच्या ॲपमध्ये जपून ठेवलेला कार्ड क्रमांक काढा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते आधी तोडा. २०२२ पासून ही सोय आली आणि तेव्हापासून भाजीवाल्याकडची कोथिंबीरही लोक उधारीत घेऊ लागले, तेही कळत न कळत, कारण स्कॅन करताना कुठल्या खात्यातून पैसे गेले ते कोण बघतं.

हे इतकं ताणून सांगतोय त्यामागे कारण आहे. "४५-५० दिवस बिनव्याजी" ही सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. मागची बाकी राहिली की ती सवलत गेली. मग आज घेतलेल्या ३०० रुपयांच्या औषधावरही आजपासून व्याज चालू. लोकांना वाटतं, जुन्या बाकीवर व्याज लागतंय, नवीन खरेदी पुढच्या बिलात बघू. तसं नसतं. आणि एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिल पूर्ण भरणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर काढणावळ वेगळी.

दर पाडा

भांडुपच्या सभासदाला आम्ही दोन्ही कार्डांची बाकी मिळून १,१२,००० चं कर्ज दिलं, १२ टक्के वार्षिक दराने, २४ महिन्यांसाठी. हप्ता ५,२७२. त्यात ओव्हरड्राफ्टच्या व्याजाचे ७५० मिळवले तर ६,०२२. म्हणजे आधी तो जे ६,३५० भरून जागच्या जागी धावत होता, त्याहून कमी पैशांत त्याची कार्डं दोन वर्षांत संपणार. पगार वाढला नाही, बंद केलेला चहाही पुन्हा चालू झाला.

तुमच्या नोकरीच्या ठिकाणी पतपेढी असेल आणि तुम्ही सभासद नसाल, तर आधी तिकडे जा. मुंबईत महापालिका, बेस्ट, बँका, रुग्णालयं, जुन्या कंपन्या अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था आहेत आणि निम्म्या लोकांना त्या फक्त दिवाळीच्या भेटवस्तूपुरत्या आठवतात. भाग भांडवलाची रक्कम, दोन जामीनदार आणि पगारातून कपात, एवढीच अट बहुतेक ठिकाणी असते. जामीनदार मागताना खरं सांगा. कार्ड फेडायला हवंय हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक "घरदुरुस्ती" लिहितात, मग पैसे हातात आल्यावर खरंच दुरुस्ती काढतात. आमच्याकडे आता शक्य तिथे रक्कम थेट कार्डाच्या खात्यात भरायला लावतो.

पतपेढी नसेल तर मी पर्याय या क्रमाने तपासतो. घरात मुदत ठेव असेल तर ती मोडा किंवा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात. सात टक्के मिळवणारी ठेव कपाटात आणि चाळीस टक्क्यांचं देणं डोक्यावर, ही जोडी मी दर महिन्याला बघतो. "अडीअडचणीला हवी" म्हणून ठेव जपलेली असते. अहो, अडचण हीच. पीपीएफ खातं असेल तर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर कर्ज मिळतं, सातव्यापासून काही रक्कम काढता येते. जुन्या आयुर्विमा पॉलिसीवरही, तिचं समर्पण मूल्य, म्हणजे ती मधेच सोडली तर मिळणारी रक्कम, तयार झालं असेल तर, कर्ज मिळतं.

मग सोनं. सोनेतारणाचा विषय निघाला की खोलीत शांतता होते. मी मंगळसूत्राला हात लावायला सांगत नाही, पण लॉकरमध्ये पडलेल्या दोन बांगड्या बँकेत ठेवून कार्ड फेडणं यात कमीपणा नाही. फक्त एक पाहा: वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकरकमी भरायची योजना घेऊ नका, दरमहा हप्त्याची घ्या. एकरकमीत वर्ष कसं जातं कळत नाही आणि मग लिलावाची नोटीस येते.

यातलं काहीच नसेल तर कार्ड देणाऱ्या बँकेलाच फोन करा आणि कार्डावरच्या बाकी रकमेचे हप्ते करून मागा. दर कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी मिळू शकतो. विचारायचं ते असं: वार्षिक दर किती, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि सगळी बाकी हप्त्यात जाते की काही भाग बाहेर राहतो? शेवटचा प्रश्न विसरू नका. बाहेर राहिलेल्या भागावर तोच जुना दर चालू राहतो. दुसऱ्या बँकेचं व्यक्तिगत कर्जही कार्डापेक्षा स्वस्तच पडतं. एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर बाकी हलवायची योजना मात्र मी शेवटी ठेवतो, कारण कमी दर काही महिन्यांचाच असतो आणि हातात आणखी एक चालू कार्ड येतं.

काय करू नका तेही सांगतो. दुकानदाराकडे कार्ड घासून रोख घ्यायची आणि त्याला दोन-तीन टक्के द्यायचे, हा प्रकार स्टेशनबाहेर सर्रास चालतो. त्यात कर्ज तेवढंच राहतं, वर दलाली जाते. पाच मिनिटांत कर्ज देणारी आणि मोबाइलमधले फोन नंबर, फोटो मागणारी ॲप नकोतच. आणि गल्लीतला "दहा टक्के महिना" वाला तर अजिबात नको. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. कोणी छळत असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

दर पाडता आला नाही तर

समजा काहीच जमलं नाही आणि एक लाखाची बाकी ३.५ टक्क्यांवरच आहे. जीएसटी धरून महिन्याला साधारण ४,१३० व्याज. किमान रक्कमच भरत राहिलात तर बाकी कमी होते तशी किमान रक्कमही कमी होते, आणि ढोबळ हिशेबाने बाकी निम्मी व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात. त्याऐवजी एक रक्कम ठरवा आणि ती खाली येऊ देऊ नका. दरमहा ५,००० ठाम भरले तर ४३-४४ महिने. ७,००० भरले तर २२. दहा हजार भरले तर १३-१४. पाचाचे सात केले की वेळ निम्मा होतो, हे गणित मी खडूने फळ्यावर लिहून दाखवतो, कारण तोंडी सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

हे दोन हजार आणायचे कुठून, हा प्रश्न आता. इथे चहा नको, मोठ्या ओळी बघा. फर्स्ट क्लासचा पास सेकंडचा केला तर एका फटक्यात मोठा फरक पडतो. गर्दीतून जाणं सोपं नाही, पण वर्षभराचा प्रश्न आहे. न बघितलेल्या ओटीटी वर्गण्या, विम्याच्या नावाखाली विकलेली गुंतवणूक, कार्डाबरोबर चिकटवलेला "सुरक्षा प्लॅन". हा शेवटचा बहुतेकांना माहीतच नसतो, स्टेटमेंटमध्ये शोधा. उलट बाजूला बजेट खरं धरा. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं. रोज दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला अडीचशेच्या वर फरक. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो. गणपतीला गावी जाणं, शाळेची जूनमधली फी हे दरवर्षी येतं, तरी दरवर्षी "अचानक" येतं. अशा खर्चांची वर्षाची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर सप्टेंबरात कार्ड पुन्हा बाहेर निघेल.

तारखा

व्याज दिवसावर मोजलं जातं. पगार एक तारखेला आणि भरण्याची शेवटची तारीख अठरा असेल, तर अठरा तारखेची वाट कशाला बघायची? पगाराच्या दिवशीच भरा. मधे ओव्हरटाइमचे, विकलेल्या रद्दीचे, कशाचेही पाचशे आले तर तेही लगेच टाका. स्वयंचलित भरणा किमान रकमेचा लावून ठेवा, पण तो फक्त विसरलो तर पडणारी जाळी म्हणून. खरा भरणा हाताने करा. नियमाप्रमाणे तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच बँक उशिराचा दंड लावू शकते आणि थकीत म्हणून कळवू शकते. हे तीन दिवस सर्व्हर बंद पडला तर म्हणून आहेत, दरमहा वापरायला नाहीत.

दोन कार्डं असतील तर दोन्हीकडे किमान रक्कम भरून उरलेलं सगळं जास्त दराच्या कार्डावर टाका. दर जवळपास सारखेच असतील तर लहान बाकी आधी संपवा, एक तारीख लक्षात ठेवायची कमी होते.

ओव्हरड्राफ्ट शेवटी, कारण तो स्वस्त असतो. ६०,००० वर १५ टक्क्यांनी दिवसाला साधारण २५ रुपये. इथे एक साधी युक्ती आहे: पगार ओव्हरड्राफ्टच्या खात्यातच येऊ द्या आणि लागतील तसे काढा. एक तारखेला ४१,००० जमा झाले की त्या दिवशी व्याज फक्त १९,००० वर लागतं. महिनाभर पैसे हळूहळू खर्च झाले तर अडीचशेच्या आसपास व्याज वाचतं, काहीही न करता. धोका असा की मर्यादा तशीच राहते आणि ती आपलीच शिल्लक वाटायला लागते. म्हणून दर तिमाहीला बँकेत अर्ज देऊन मर्यादा पाच हजारांनी खाली आणा. भांडुपच्या सभासदाच्या बायकोच्या भिशीचे ३०,००० इथेच गेले आणि त्याच आठवड्यात मर्यादा ६०,००० ची ३०,००० करून घेतली. अर्ज तिने स्वतः लिहिला.

एक सावधगिरी. ज्या बँकेचं कार्ड थकलंय त्याच बँकेत पगार येत असेल, तर थकबाकीपोटी बँक खात्यातली रक्कम रोखून धरू शकते. हप्ते चुकण्याची वेळ दिसत असेल तर पगाराचं खातं दुसरीकडे हलवण्याचा विचार आधीच करा.

किमान रक्कमही जमत नसेल तेव्हा

फोन बंद करून बसू नका. नोकरी गेली, आजारपण आलं, तर तारीख चुकण्याआधी बँकेला ईमेल करा, कारण लिहा, किती भरू शकता ते लिहा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरतं आणि वसुली सुरू होते. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांसमोर बदनामी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची वेळ, नंबर लिहून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट, वकिलाशिवाय. थकलेलं कार्ड हा दिवाणी मामला आहे. "पोलीस येतायत" ही बहुतेक वेळा थाप असते. पण वसुलीवाल्याला चेक देऊ नका, तो परत गेला तर कलम १३८ चा फौजदारी खटला होऊ शकतो.

तडजोडीने कमी रकमेत मिटवायचं असेल तर बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. पत्रात रक्कम, तारीख आणि "पूर्ण व अंतिम" हे शब्द हवेत. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, कोणाच्या यूपीआयवर नाही. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, मात्र "सेटल्ड" असं लागतं आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं. म्हणून पूर्ण फेडणं शक्य असेल तर तडजोड मागू नका. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, सही करण्याआधी दोनदा वाचा.

बाकी शून्य झाली तरी

पेढे लगेच वाटू नका. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. शंभर-दोनशे रुपये असतात. "आपण तर फेडलं" म्हणून लोक बघत नाहीत आणि त्यावर दंड चढतो. एक महिना थांबा, ती रक्कम भरा, मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. त्यापुढे दिवसाला ५०० रुपये भरपाई द्यावी लागते. देणं नसल्याचं पत्र मागून घ्या. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्या खात्यापुढे "क्लोज्ड" आणि बाकी शून्य दिसेपर्यंत ते पत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.